हुसेनभाईंनी बघून ठेवलेला समुद्र

बातमी आली ती इंदापूरहून येणाऱ्या सकाळच्या मोटारीने. मी पणदऱ्याहून लिंबांच्या पाट्या घेऊन बारामतीला आलो होतो आणि अड्ड्यावर त्याच गाडीची वाट बघत उभा होतो. गाडी थांबली, उतारू खाली उतरले, टपावरची गाठोडी निघाली, तरी ड्रायव्हर मात्र चाकावर हात ठेवून तसाच बसून राहिला. एरवी हा माणूस गाडी थांबायच्या आत विडी पेटवणारा. मी जवळ गेलो तेव्हा तो म्हणाला, "नाना, हुसेनभाई गेले. पहाटं. दुपारच्या नमाजानंतर माती हाय."

लिंबे ओळखीच्या दुकानदाराकडे सोपवली आणि मी परतीच्या फेरीत बसलो. ऊस संपला, माळ सुरू झाला, शेळगाव गेले, निमगावचे पानमळे आले... या वाटेवरचा प्रत्येक खड्डा ज्या माणसाने मला शिकवला, त्यालाच माती द्यायला मी त्या वाटेने चाललो होतो.  इंदापुरात पोचलो तेव्हा जनाजा घरातून निघत होता. मी खांदा दिला. कबरस्तानात मूठभर माती टाकताना मनात आले, की हुसेनभाई असते तर म्हणाले असते, "नाना, बाजूला काय हाय ते बघा आधी, मग टाका."

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. इंदापूर–बारामती वाटेवरच्या लोकांना हुसेनभाई ठाऊक आहेत ते मोटारवाले म्हणून. पण मला त्यांच्याविषयी जे सांगायचे आहे ते त्यांनी मोटार सोडल्यानंतरचे आहे.

मोटारवाले म्हणून ते फार कडक होते. उंच, काटक, डोक्याला घट्ट बांधलेला फेटा, आणि नजर नाकासमोर. वाटेत कुणी "हुसेनभाई, जरा थांबा की, च्या घेऊ" म्हणाले तर उत्तरसुद्धा मिळत नसे. कुणाच्या कोंबड्या गाडीत सुटल्या, कुणाच्या बाईला उलटी झाली, तरी गाडी ठरल्या ठिकाणीच थांबायची. माझ्या पेरूच्या करंड्या ते टपावर चढवू द्यायचे, पण करंडी जरा सैल बांधलेली दिसली की चारचौघांत खरडपट्टी काढायचे. एकदा मी सहज म्हणालो, "हुसेनभाई, यंदा निमगावचे पानमळे काय सुरेख दिसताहेत!" तर ते म्हणाले, "असतील. मी रस्ता बघतो." इतकी वर्षे त्या वाटेवरून जाऊन-येऊन त्यांनी वाटेच्या कडेला कधी पाहिलेच नव्हते.

ज्या दिवशी त्यांनी मोटार सोडली त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. शेळगावच्या अलीकडे एका आडवाटेने बैलगाडी सडकेवर येत होती. मला ती लांबूनच दिसत होती. त्यांनाही दिसत असणार, असे मी धरून चाललो. गाडीवान हात वर करून ओरडला, उतारू ओरडले, तेव्हा कुठे हुसेनभाईंनी ब्रेक दाबला. डाव्या बैलाचे शिंग मोटारीच्या पत्र्याला घासून गेले. बैल बिथरून शेतात घुसले, जू मोडले, पण जीव कुणाचा गेला नाही. गाडीवान शिव्या देत जवळ आला. हुसेनभाई खाली उतरले आणि त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. त्यांना हात जोडताना मी तोवर कधी पाहिले नव्हते.

मग ते मला सडकेच्या कडेला घेऊन गेले. "नाना, माझ्या कानापासनं तुमचं बोट म्होरं आणा. सावकाश." मी बोट आणत गेलो. ते समोर बघत उभे होते. बोट गालापुढे आले, भुवईपुढे आले, जवळजवळ नाकासमोर आले, तेव्हा ते म्हणाले, "आता दिसलं." दुसऱ्या बाजूनेही तसेच. गाडीतली माणसे हाका मारत होती. हुसेनभाई परत चाकावर बसले नाहीत. "ह्यातल्या एखाद्याचा जीव घेईन मी," एवढेच म्हणाले. इंदापूरहून दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत ते त्या उन्हात मोटारीच्या पायरीवर बसून होते.

मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो. नीरेच्या ठेसनावर आगगाडीत बसलो. हुसेनभाईंनी तोवर इतका लांबचा प्रवासच केलेला नव्हता. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू असल्याचे सांगितले. कडेची नजर गेली ती गेली, एका डोळ्याला शस्त्रक्रिया करून उरलेली थोडी लांबवता येईल, पण टिकायची नाही, असे ते सौम्य शब्दांत पण स्पष्ट म्हणाले. हुसेनभाईंनी मान डोलावली. मला म्हणाले, "पावा असतो न्हवं, त्यातनं बघितल्यावाणी दिसतंय मला. ते भोकच आता बारीक व्हत जाणार, असं म्हणत्यात."

शस्त्रक्रियेनंतर तिथे काही दिवस राहावे लागले. शेजारच्या खाटेवर रत्नागिरीकडचा एक म्हातारा तांडेल होता. जन्मभर गलबतावर काढलेला. त्याचे दोन्ही डोळे कधीच गेले होते, पण मुलाने हट्टाने शेवटचा इलाज म्हणून आणले होते. तो स्वतः अगदी खुशीत असायचा. एकदा हुसेनभाईंनी त्याला विचारले, "तुमाला दुःख व्हत न्हाय?" म्हातारा म्हणाला, "कसलं? समुद्र मी बघून ठेवलाय. हवा तेव्हा काढतो." आणि मग त्याने उलट विचारले, "तू काय ठेवलंयस बघून?"

त्यावर हुसेनभाई परतीच्या आगगाडीत, डोळ्यावर पट्टी असताना म्हणाले, "नाना, मी बारामती–इंदापूर बघून ठेवलंय. ते बी नुसता रस्ता."

त्या प्रवासाचा बेत इथून सुरू झाला. पट्टी सुटल्यावर ते रोज संध्याकाळी इंदापूरच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून बेत करू लागले. बाजाराच्या निमित्ताने मी तिकडे गेलो की मुक्काम त्यांच्याकडेच. त्यांनी शाळेतल्या मास्तरांकडून मुंबई इलाख्याचा भिंतीवर टांगायचा मोठा नकाशा मागून आणला होता. तो ओट्यावर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, आणि हुसेनभाई गुडघ्यांवर बसून बोटाने वाट चाचपत पुढे सरकायचे. सगळा नकाशा त्यांना कधीच दिसत नसे. "एका येळी एकच गाव दिसतंय," ते म्हणत, "बरंच हाय. घाई व्हायची न्हाय."

वाट अशी ठरली. फलटणवरून सातारा, तिथून महाबळेश्वर, मग आंबेनळीचा घाट उतरून पोलादपूर, खेड, चिपळूण, रत्नागिरी, आणि रत्नागिरीच्या खाली खाडीच्या मुखाशी त्या तांडेलाचे गाव. परतताना आंबा घाट चढून कोल्हापूर. म्हणजे सरकारी राखीव रानेही बघून व्हावीत आणि समुद्राचा काठही. ओट्यावर जमणारी माणसे आपापली अक्कल पाजळायची. निमगावचा पानमळेवाला सोपान हा त्यातला मुख्य. तो स्वतः कधी नीरेच्या पलीकडे गेला नव्हता. "आंबेनळीत वाघ असत्यात," तो म्हणाला.

"असू देत की," हुसेनभाई म्हणाले. "दिसला तर बघू."

"आन् गाडी?"

"गाडी थांबवायची. मोटार थांबवून काय बघावं, असं आजवर मला कधी जमलंच न्हाय."

सगळे हसले, पण हसणाऱ्यांत जैनबवहिनी नव्हत्या. हुसेनभाईंच्या त्या पत्नी. दाराआड बसून त्या सगळे ऐकत असायच्या. माणसे उठून गेल्यावर एकदा त्या बाहेर आल्या आणि नकाशाच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, तुमी ह्यांच्या नादी लागू नगा. हे बघायला न्हाय चाललेत. निरोप घ्यायला चाललेत. एकदा निरोप घेतला की माणूस परत घरात बसतंय व्हय?"  त्यांना भीती होती ती डोळे जाण्याची नव्हती. सगळे बघून झाल्यावर या माणसाची जगायची इच्छाच संपेल, ही ती भीती होती.

हुसेनभाईंनी नकाशावरून बोट उचलले नाही. म्हणाले, "निरोप न्हाय ग. भरती करायची हाय. पुढं अंधारात काय खाऊ मी?"

त्यावर वहिनी आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला भाकरी वाढताना म्हणाल्या, "मी बी येणार. ह्यांना कडंचं दिसत न्हाय. ते कोण सांगणार?"

गाडी हुसेनभाईंचीच होती. आता प्रश्न होता ती कोण चालवणार. मोटारीवर जो नवा ड्रायव्हर ठेवला होता तो चांगला होता, पण हुसेनभाईंना तो नको होता. "त्यो माझ्याच हाताखाली शिकलाय," ते म्हणाले. "त्याला चालवाय येतं, थांबाय येत न्हाय." आणि त्यांनी माझ्याकडे बघितले. मी शेतकरी माणूस. औत हाकणारा, मोट हाकणारा. मोटारीचे हँडल मारतानासुद्धा मला धसका बसायचा. पण त्या नजरेला नाही म्हणवेना.

कऱ्हेच्या कोरड्या पात्रात माझे शिक्षण झाले. हुसेनभाई शेजारी बसायचे, वहिनी मागे. गिअर बदलताना असा काही खरखराट व्हायचा की बंधाऱ्यावरची गुरे पळायची. हुसेनभाई डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत आणि म्हणत, "अजून न्हाय... अजून न्हाय... आता." त्यांनी 'आता' म्हटले की मी दचकायचो आणि गाडी बंद पडायची. एकदा सडकेवर घेतली तेव्हा समोरून म्हशी आल्या, म्हणून मी गाडी सरळ एका उसाच्या फडात घातली. आम्ही पाचटात बुडालो. मी घामाघूम. तेवढ्यात मागून हसणे ऐकू आले. जैनबवहिनी पदर तोंडात धरून हसत होत्या, आणि काही केल्या त्यांना ते आवरेना. हुसेनभाई म्हणाले, "बघा, प्रवास सुरू झाला."

दिवाळीनंतर निघायचे ठरले होते. आणि दिवाळीच्या तोंडावर माझ्या आईने अंथरूण धरले. मग महिने गेले. आई गेली ती उन्हाळ्याच्या शेवटी. मधल्या काळात हुसेनभाई पणदऱ्याला येत, आईच्या खाटेजवळ बसत, आणि प्रवासाचा शब्द काढत नसत. मीच एकदा म्हणालो, "तुमचा काळ चाललाय, हुसेनभाई. तुम्ही ड्रायव्हर घेऊन जा." त्यावर ते म्हणाले, "समुद्र कुठं जातोय? आई एकच असती." ते उठून निघाले तेव्हा मी त्यांच्याकडे बघत राहिलो. पूर्वी दाराची चौकट ते सरळ ओलांडायचे. आता हात लावून आधी तिचा अंदाज घेत होते.

पाऊस सरल्यावर, दसऱ्यानंतर आम्ही निघालो. पेट्रोलचे डबे मागे बांधले, पाण्याची घागर घेतली. माझ्या मंडळींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, वहिनींनी गुळाच्या रोट्या भाजून घेतल्या. पहिल्याच थांब्याला तिघांनी एका फडक्यावर बसून ते सगळे एकत्र खाल्ले. मुसलमानाबरोबर जेवलास का, असे गावात कुणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

साताऱ्यापर्यंत सगळे छान होते. महाबळेश्वरला पोचलो आणि धुके उतरले. एवढा पाऊस संपला होता तरी ढग जागचे हलेनात. हुसेनभाईंना ज्या कड्यावरून कोकण बघायचे होते तिथे त्यांना नेले, तर पुढे नुसते पांढरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा. वहिनी काही सांगायचा प्रयत्न करीत होत्या, पण त्यांना तरी काय दिसणार? तिसऱ्या दिवशी हुसेनभाई कड्याच्या कठड्याला हात टेकून उभे होते. अचानक त्यांनी कठड्यावर मूठ आपटली. मग दुसऱ्यांदा. "एवढं बी न्हाय?" ते कुणाला तरी विचारत होते, पण मला नव्हे. "एवढं थोडं बी न्हाय?" त्यांचे खांदे हलत होते. वहिनी जवळ गेल्या तर त्यांनी हात झिडकारला आणि चाचपडत गाडीत जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आजाराच्या सगळ्या काळात मी त्यांना एवढेच काय ते खचलेले पाहिले. वहिनींची भीती खरी ठरणार असे मला वाटले... गाडी परत फिरवावी की काय, असेही मनात आले.

सकाळी ते स्वतःच हँडल घेऊन गाडीपुढे उभे होते. म्हणाले, "ते वरच्याच्या हातचं. आपलं फुडं हाय. चला."

आंबेनळीचा घाट मी कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही, कारण मी फक्त रस्ता बघत होतो. हुसेनभाई इतकी वर्षे काय करत होते ते मला त्या दिवशी कळले. मागून वहिनींचा आवाज सतत येत होता. आम्ही माळावरची माणसे. आम्हाला चिंच, बाभूळ, कडुलिंब ठाऊक. त्या रानातल्या झाडांची नावे वहिनींना कुठून येणार? त्या आपल्या घरच्या वस्तू लावून सांगत. "डावीकडं खाली झाडंच झाडं. जमीन कुठंच दिसत न्हाय. निमगावच्या पानमळ्यात शिरल्यावर असतो न्हवं, तसा अंधार... आता एक झाड गेलं, त्येचं खोड चुन्यानं सारवल्यावाणी पांढरं... आता पाणी. वरनं पाणी पडतंय, बारीक, पिंजलेल्या कापसावाणी." आणि हुसेनभाई म्हणत, "थांबवा." मी थांबवी. मग ते वहिनींनी सांगितलेल्या दिशेला मान वळवून शोधत, आणि सापडले की एकच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत, फांदी न् फांदी बघत राहत. एका झाडाला इतका वेळ लागे की इंजिन पूर्ण गार होई. मागून येणारी एखादी मोटार भोंगा वाजवी. हुसेनभाई हात करून तिला पुढे जायला सांगत. ज्या माणसाने चहासाठी कधी गाडी थांबवली नाही, तो आता एका शेवाळलेल्या दगडासाठी थांबत होता. वाघ दिसला नाही. एक भेकर सडक ओलांडून गेले ते मला आणि वहिनींना दिसले. हुसेनभाईंना नाही. वहिनींनी लगेच सांगितले, "भेकर गेलं. शेळीएवढं, पर चालणं लेकीवाणी." ते म्हणाले, "बास. दिसलं."

कोकणात उतरल्यावर नद्या आणि खाड्या आल्या. कुठे पूल होता, कुठे मोटार तरीवर, म्हणजे सपाट होडीवर, चढवून पलीकडे न्यावी लागे. तरीवर गाडी हलू लागली की मी देवाचे नाव घेई आणि हुसेनभाई पाण्यात हात घालून बसत.

तांडेलाच्या गावाला पोचलो ते उन्हे कलताना. सुरूच्या झाडांतून वाट होती. मी मूर्खासारखी गाडी फार पुढे नेली आणि चाके वाळूत रुतली. मी आणि गावची चार माणसे फळ्या घालून ती काढायच्या खटपटीला लागलो. हुसेनभाई आणि वहिनी पुढे चालत गेले. सुरूच्या खोडांमधून मला ती दोघे लांबवर उभी दिसत होती, एवढेच. गाडी निघाल्यावर मी धावत गेलो.

ते पाण्यात घोटाभर उभे होते आणि मान अगदी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत होते. उजवीकडून डावीकडे, मग परत. मी जवळ गेलेलो त्यांना पावलांवरून कळले. "नाना, ह्येचं टोक कुठं हाय?"

"टोक नाही, हुसेनभाई."

"तुमाला दिसतंय सगळं?"

"नाही. जेवढं समोर आहे तेवढं."

ते मग म्हणाले, "म्हंजी सगळ्यांनाच थोडा थोडाच दिसतो की."

सूर्य बुडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

म्हातारा तांडेल आपल्या अंगणात जाळ्याच्या ढिगावर बसलेला होता. आवाजावरून त्याने हुसेनभाईंना ओळखले आणि त्यांचा हात धरून शेजारी बसवले. "बघितलास?" त्याने विचारले. "बघितला." "मग डोळे मीट आणि सांग." हुसेनभाईंनी डोळे मिटले. चार वाक्ये बोलले आणि अडले. म्हातारा म्हणाला, "लाट फुटते तेव्हा आधी वरनं फुटते की खालनं?" त्यांना सांगता आले नाही. "जा, उद्या परत बघून ये." असा तो अभ्यास चालला. दिवसभर हुसेनभाई काठावर बसत, संध्याकाळी म्हाताऱ्यापुढे डोळे मिटून सांगत, म्हातारा खोट काढी. ठरवल्यापेक्षा आम्ही तिथे फार दिवस राहिलो. माझी बाग तिकडे कुणाच्या भरवशावर होती कोण जाणे. शेवटी एकदा हुसेनभाई बोलत राहिले, बोलत राहिले, आणि म्हाताऱ्याने काहीच विचारले नाही. नुसता ऐकत बसला. मग म्हणाला, "आता जा घरी."

त्यानंतरच्या पावसाळ्यापर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली. वहिनी घाबरल्या होत्या तसे मात्र झाले नाही. मोटार त्यांनी ड्रायव्हरलाच देऊन टाकली आणि ते ओट्यावर बसू लागले. आधी कुणीतरी सहज विचारले, "हुसेनभाई, कसा असतो समुद्र?" त्यांनी सांगितले. मग ते सांगणे रोजचेच झाले. बाजाराला आलेला माणूस, गाडी चुकलेला उतारू, आठवडी बाजारची कासारीण, सोपान तर कायमचाच. कधी घाटातले एक झाड, कधी खाडीवरची ती तर, कधी ओहोटीला उघडे पडणारे खडक. मी ऐकायला बसलो की मला नवल वाटायचे, कारण मी तिथे असूनही यातले निम्मे मला दिसलेच नव्हते. धुक्याचेही ते सांगत. "आन् मी तवा लहान पोरावाणी रडलो," हेही सांगत, काही न लपवता.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या आधीच्या महिन्यातली. छातीत कफ भरला होता, ताप येत-जात होता. मी उशाशी बसलो. ते म्हणाले, "नाना, पेरूला बहर कसा हाय?" मी म्हटले, चांगला आहे. "नुसता चांगला न्हवं. सांगा." मी सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आले, की माझी स्वतःची बाग मी नीट बघितलेलीच नाही. त्यांच्याही ते लक्षात आले असावे. हसले. म्हणाले, "जावा, बघून या."

मी बघून घेतली. सांगायला जायचे होते... तेवढे राहिले.

त्यांच्या चाळीसाव्या दिवसाला मी इंदापूरला गेलो. फातेहा झाला, जेवणे झाली, लांबची माणसे गेली. संध्याकाळी नेहमीची मंडळी उगाच ओट्यावर येऊन बसली.  मग सोपान म्हणाला, "नाना, तुमी तितं व्हता न्हवं? मग तुमी सांगा."

मी सुरुवात केली. समुद्र निळा होता असे काहीसे म्हणालो. सोपान हळूच म्हणाला, "ते निळा म्हणत नव्हते. निळा सकाळच्याला. तुमी पोचला तवा सांज झालती." तो नीरेपलीकडेही न गेलेला माणूस माझी चूक काढत होता, आणि ती चूकच होती. पण पुढे मला सांगता येईना.

तेवढ्यात दारातला पडदा सरकला आणि जैनबवहिनी बाहेर आल्या. पुरुषमाणसे बसलेली असताना त्या ओट्यावर कधी आल्या नव्हत्या. सगळे सावरून बसले. हुसेनभाई जिथे बसायचे ती जागा रिकामी होती. वहिनी तिथे, भिंतीला पाठ लावून बसल्या.

"नानांना ठाव न्हाय," त्या म्हणाल्या. "ते गाडीपाशी व्हते. सुरूची झाडं सपली तवा ह्यांनी चपला काढल्या आन् डोळे मिटून घ्येतले. माझा हात धरला. म्हणले, आधी तू बघ. वाटंभर सांगितलंस तसं सांग, मग मी उघडतो." त्या पुढे म्हणाल्या, "मी बघितलं. आन् मला काय बोलताच येईना. घाटातलं समदं सांगितलं व्हतं मी, झाड न् झाड. हितं तोंडातनं शबूद फुटंना. हे वाट बघत उभं. शेवटी मी म्हणलं, मला न्हाय येत. तुमीच उघडा डोळे."

 कुणीतरी कंदील जवळ सरकवला. वहिनींनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि समोरच्या अंधारलेल्या रस्त्याकडे बघितले.

"तवा सांगता आलं न्हाय," त्या म्हणाल्या. "आता सांगते. ऐका."